भगूर, कॅम्प, जेलरोड की पाथर्डी फाटा? एका घरखरेदीची पूर्ण हकीकत

माझ्या धाकट्या भावानं जून २०२५ मध्ये नाशिकला घर घेतलं. शोध सुरू झाला तो आदल्या वर्षीची दिवाळी सरल्यावर. मधल्या आठ महिन्यांत आम्ही एक दोनशे पानी वही भरली. पाहिलेलं प्रत्येक घर, सांगितलेला प्रत्येक भाव, नळाला पाणी येण्याची वेळ, बाइकला लागलेली मिनिटं, सगळं तीत आहे. वही माझ्या हातची. एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात मी बावीस वर्षं काढली, त्यामुळे घराचे कागद वाचायची सवय होती. पण माझ्या टेबलावर फाइल यायची तेव्हा गाव ठरलेलं असायचं. गट नंबर, चतुःसीमा, मूल्यांकन, सही. हेच गाव का, हे कर्जदारानं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. या वेळी नेमका तोच प्रश्न आमच्या जेवणाच्या ताटाभोवती बसला होता.

आधी माणसं. भाऊ अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. एक आठवडा सकाळी सात ते दुपारी तीन, दुसरा आठवडा तीन ते रात्री अकरा. भावजय नाशिकरोडला शाळेत शिकवते आणि माझी भाची त्याच शाळेत चौथीत होती. आई आणि अण्णा त्यांच्याजवळ राहतात. अण्णांची २०२३ मध्ये अँजिओप्लास्टी झाली, आईचे गुडघे गेलेत. सगळे नाशिकच्या उपनगर नावाच्या भागात भाड्यानं राहत होते. घरमालकांचा मुलगा परत येणार होता, म्हणून पुढच्या जुलैपर्यंत जागा सोडायची होती.

मग पैसे. अण्णांनी निफाडकडची आपल्या वाट्याची जमीन चुलतभावाला दिली होती, त्याचे १८ लाख. भावाची शिल्लक ६ लाख. हप्ता तेवीस हजारांच्या वर नको, हे भावजयीनं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि शेवटपर्यंत ती त्यावरून हलली नाही. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी २६ लाखांचा हप्ता साधारण साडेबावीस हजार होतो. म्हणजे सगळा खर्च धरून ५० लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, रंगकाम, सगळं त्यातच. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड हे महागडे भाग यादीत आलेच नाहीत.

चौघांची चार गावं

अण्णांना भगूर हवं होतं. हयात मातीत गेलेली, त्यांना दारात झाड पाहिजे. आईला देवळाली कॅम्प. लहानपणी तिची एक मावशी तिथं हवापालटाला राहिली होती आणि कॅम्पची हवा हे शब्द आईच्या तोंडात तेव्हापासून आहेत. भावाला पाथर्डी फाटा, कारण तिथून अंबड दहा मिनिटांवर. भावजयीला जेलरोड, कारण शाळा, बाजार, बिटको चौक, स्टेशन सगळं हाताशी.

नकाशावर ही ठिकाणं एकमेकांना चिकटलेली दिसतात, आणि म्हणून बहुतेक लोक त्यांची तुलना चौरस फुटाच्या भावानं करतात. आम्हीही तशीच सुरुवात केली. पण बिटकोवरून निघून विहितगाव, लॅम रोड, कॅम्प, भगूर असं सरळ गेलात तर अर्ध्या तासात तीन वेगळे कारभार ओलांडता. ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक महापालिका झाली, तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची खेडी तिच्यात आली. देवळाली गाव आत आलं, देवळाली कॅम्प मात्र छावणी परिषदेकडे, म्हणजे कँटोन्मेंट बोर्डाकडे राहिला. कॅम्पाला लागून असलेल्या भगूरची नगरपालिका वेगळी होती, ती वेगळीच राहिली. आज त्या रस्त्यावरून जाताना पाटीशिवाय काही कळत नाही. पण घरपट्टी कुणाला भरायची, बांधकामाची परवानगी कुणाची, नळ कुणाचा, आणि पायाखालची जमीन नेमकी कुणाची, ही सगळी उत्तरं त्या पाटीवर बदलतात. घराचा भाव विचारण्याआधी हे विचारायला हवं, हे आम्हाला दोन महिने फिरल्यावर समजलं.

अण्णांचं भगूर

रो-हाउस होतं. पुढे आठ फूट मोकळी जागा, कोपऱ्यात आंबा, मागे हौद. सांगितलेला भाव ४१ लाख. अण्णा आत गेले नाहीत, आंब्याखालीच उभे राहिले. सावरकरांचं जन्मगाव म्हणून भगूर सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांना ते ठाऊक होतं तिथल्या बाजारासाठी आणि दारणेकाठच्या शेतीसाठी. परत येताना गाडीत ते म्हणाले, "इथं मला कुणी विचारणार नाही, की अण्णा, दिवसभर काय करता."

मी कागद मागितले. तिसऱ्या फेरीला एजंटनं एक कागद दिला, नमुना आठचा उतारा. तो ग्रामपंचायतीचा होता. भगूर म्हणून दाखवलेलं घर भगूर नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, शेजारच्या ग्रामपंचायतीत निघालं. तेवढ्यानं काही बिघडत नाही. पण नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. सातबारा मागितला तर त्यावर सात जणांची नावं, सामाईक. बिनशेती आदेश कुठे आहे, मंजूर नकाशा कुठे आहे, याला उत्तर मिळालं, "ताई, इथं सगळे असंच घेतात." सगळे तसं घेत असतील. बँक त्यावर कर्ज देणार नाही, आणि उद्या ते घर विकायचं ठरवलं तर गिऱ्हाईकसुद्धा रोख पैसेवालंच शोधावं लागेल. जमिनीचे छोटे तुकडे विकायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदीच्या कायद्याखाली असे व्यवहार अडकल्याची प्रकरणं मी नोकरीत पाहिली आहेत. त्या बायकांचे चेहरे अजून आठवतात, दागिने मोडून गुंठा घेतलेल्या.

अण्णांना हे सांगणं मला जड गेलं. त्यांनी फक्त विचारलं, "भगूर गावात, हद्दीच्या आत, नाही का मिळणार?" मिळत होतं. दोन घरं पाहिली, कागद चांगले होते. पण तिथून अंबड सकाळी अडतीस मिनिटं, शाळा अर्धा तास, आणि मुंबई नाक्याकडच्या हृदयरोगाच्या दवाखान्यांपर्यंत दिवसा पन्नास मिनिटं. हा शेवटचा आकडा मी अण्णांपुढे ठेवला. त्यांनी वही मिटली.

आईचा कॅम्प

कॅम्पातलं घर मला स्वतःला आवडलं होतं, ते लपवत नाही. जुन्या बंगल्याचा एक भाग, उंच छत, जाड भिंती, अंगणात बुचाचं झाड. देवळालीची हवा कोरडी आणि स्वच्छ म्हणून इथं पारशी आणि गुजराती मंडळींनी आरोग्यधामं बांधली, क्षयाचे रोगी विश्रांतीला यायचे. तोफखान्याची शाळा आहे, त्यामुळे सरावाच्या दिवशी तोफांचा घुमका ऐकू येतो. तिथल्या लोकांना तो ऐकूही येत नाही इतकी सवय झालेली असते. उंच इमारती नाहीत, रस्त्यांना सावली आहे. ४४ लाख.

अडचण जमिनीची होती. छावणीत जमिनी वेगवेगळ्या हक्कांच्या असतात, आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर न होता संरक्षण खात्याच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये असते. हा बंगला 'ओल्ड ग्रँट'चा निघाला. म्हणजे जमीन सरकारची, विकणाऱ्याकडे फक्त वरच्या बांधकामाचा हक्क. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला हा प्रकार आहे आणि सरकारला जमीन परत मागण्याचा अधिकार त्यात राखलेला असतो. हस्तांतराला परवानगी लागते, दुरुस्तीलाही परवानगी लागते. छावण्यांचा नागरी भाग वेगळा काढून शेजारच्या महापालिकेला किंवा नगरपरिषदेला जोडायचा, अशी हालचाल २०२३ पासून चालू आहे. एजंट त्याच आशेवर घर विकत होता. "एकदा महापालिकेत गेलं की भाव दुप्पट, मॅडम."

उद्या होईल म्हणून आज पैसे मोजायचे का? त्याच आठवड्यात दुसरा एक एजंट जेलरोडला मेट्रो निओ या होऊ घातलेल्या मेट्रोच्या नावानं भाव चढवून सांगत होता. त्या प्रकल्पासाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी जाहीर झाले होते. आम्ही फिरत होतो तेव्हा त्याचा एक खांबही उभा नव्हता. तिसरा म्हणायचा, २०२७ चा कुंभमेळा यायच्या आधी घ्या, नंतर हात लावता येणार नाही. भावजयीनं वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलं: जे आज आहे त्याचेच पैसे. आम्ही तिघांचेही फोन घेणं बंद केलं.

कॅम्पात स्वच्छ हक्काची घरंही असतात, पण आमच्या पैशांत बसणारं एकही तेव्हा विक्रीला नव्हतं. आईनं फारसं काही बोलून दाखवलं नाही.

पाथर्डी फाटा

इथं फार लिहिण्यासारखं नाही. नवी इमारत, चांगला बिल्डर, महारेराची नोंदणी संकेतस्थळावर सापडली, कागद चोख. पांडवलेण्यांचा डोंगर बाल्कनीतून दिसतो. पण बांधकाम चालू असलेल्या घराची ५२ लाख ही फक्त सुरुवात असते. ४५ लाखांच्या वरचं घर म्हणून पाच टक्के जीएसटी, २ लाख ६० हजार. मुद्रांक आणि नोंदणी धरून साडेसत्तावन्न. पार्किंग, सोसायटीची आगाऊ रक्कम, वीजमीटर असं करत साठ. म्हणजे ३६ लाखांचं कर्ज आणि सव्वाएकतीस हजारांचा हप्ता. शिवाय ताबा दीड वर्षानं, तोवर भाडं वेगळं. भाऊ आठ दिवस गप्प होता, मग म्हणाला, "ताई, खोड त्याला." पाणी मात्र तिथं चांगलं होतं, त्याबद्दल पुढे.

पाण्याची चौकशी

नाशिकला बाहेरचा माणूस गोदावरीचं शहर म्हणतो आणि पाण्याची काळजी सोडून देतो. प्रत्यक्षात कोणत्या उपनगराचं पाणी कोणत्या धरणातून येतं यावर उन्हाळा ठरतो. शहराचा मोठा भाग गंगापूर धरणावर. पाथर्डी, इंदिरानगरच्या बाजूला मुकणे धरणाचं पाणी, विल्होळीला शुद्ध होऊन येतं. नाशिकरोडच्या भागाला दारणेचं पाणी चेहेडीहून उचललं जातं. आणि इथंच गोम आहे. वालदेवी नदी कॅम्प, विहितगाव, देवळाली गावच्या अंगानं वाहत चेहेडीजवळ दारणेला मिळते आणि येताना सांडपाणी घेऊन येते. धरणातून आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, चालू असलं की ते वाहून जातं. उन्हाळ्यात आवर्तन थांबलं की साचतं. मग चेहेडीचा उपसा कमी करून गंगापूरचं पाणी नाशिकरोडकडे वळवावं लागतं, आणि दाब कमी होतो. नाशिकरोडच्या कुठल्याही जुन्या रहिवाशाला विचारा, तो ही साखळी तुम्हाला एका दमात सांगेल.

घर विकणाऱ्याला पाण्याचं विचारून उपयोग नसतो. "चोवीस तास" हे एकच उत्तर मिळतं. आम्ही वॉचमनला विचारायचो, पण पाणी येतं का असं नाही. "मोटर किती वाजता लावता?" असं विचारलं की खरं उत्तर येतं. पहाटे चारला लावणाऱ्या इमारतीत दाब नाही हे समजून जायचं. सकाळी आठच्या सुमारास गल्लीत उभं राहून पाण्याचे जार किती दारांत उतरतात ते मोजायचं. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे सोसायटीचा मागच्या वर्षाचा हिशेब. त्यात टँकर नावाची ओळ असते. माणूस खोटं बोलेल, पण सेक्रेटरीनं टँकरवाल्याला दिलेले पैसे हिशेबात लिहावेच लागतात. जेलरोडच्या ज्या रिसेल फ्लॅटवर भावजयीचं मन बसलं होतं, त्या इमारतीचा हिशेब मी मागवला. एप्रिल-मेच्या टँकरचा खर्च वर्षभराच्या लिफ्टच्या खर्चाच्या दुप्पट होता. एप्रिलमध्ये मुद्दाम पुन्हा गेलो. पेल्यात पाणी घेतलं तर वास होता. सबंध जेलरोडवर असं असतं असा याचा अर्थ नाही. दोन गल्ल्या पलीकडे, जुन्या मोठ्या विहिरीवरच्या सोसायटीत, टँकरची ओळच नव्हती. पण तिथं घर विकाऊ नव्हतं.

मिनिटांचा हिशेब

जानेवारीत भावानं दोन्ही पाळ्यांत प्रत्येक गावाहून खरोखर प्रवास करून पाहिला. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या रस्त्यानं नाही, पाळीच्या वेळेला. सकाळी सव्वासहाला जेलरोडहून द्वारकामार्गे अंबड तीस मिनिटांत झालं. दुपारी तीनला सुटून परत यायला पन्नास. द्वारका चौक आणि इंदिरानगरचा बोगदा, या दोन जागांनी नाशिकमधल्या किती घरांची किंमत ठरवली असेल, याचा कुणी अभ्यास करायला हवा.

पहिल्यांदा आम्ही फक्त भावाचीच मिनिटं लिहिली होती. कमावता पुरुष कामावर कसा जाणार, हा प्रश्न आपोआप सगळ्यांच्या डोक्यात पहिला आला, माझ्याही. एका रात्री भावजय वही बघत होती. ती म्हणाली, "शाळेत आम्ही दोघी जातो. माझी मिनिटं दोनदा धरा. आणि अण्णांची औषधं, भाजी, आईंचं फिजिओ, हे कोण करतं ते पण लिहा." मी त्या रात्री रकाने पुन्हा आखले. पाथर्डी फाट्याची सरशी तिथंच संपली. भावाची दहा मिनिटं, पण मायलेकींना वडनेरमार्गे अर्धा तास आणि द्वारकेवरून पाऊण तास, रोज दोन वेळा. या एका दुरुस्तीनं निर्णयाची दिशा बदलली, आणि ती मला सुचली नव्हती याची खंत आहे.

रकाने पुन्हा भरताना भावानंच एक रस्ता काढला. विहितगावहून वडनेर दुमाला, तिथून पाथर्डी गाव आणि पुढे अंबड. द्वारका टळते. लष्कराच्या हद्दीच्या कडेनं जाणारा हा रस्ता त्यानं सकाळी चोवीस मिनिटांत केला. विहितगावहून शाळा दहा मिनिटं. कॅम्पची सावली पुढच्या वळणावर, बिटकोचा बाजार मागच्या वळणावर. इतके दिवस आम्ही विहितगाव ओलांडून कॅम्पला आणि भगूरला जात होतो, आणि ते गाव आमच्या यादीत नव्हतं.

विहितगाव, आणि वालदेवी

तिथं पहिला पाहिलेला फ्लॅट वालदेवीच्या बाजूला होता. मागच्या खिडकीतून नदी, ४२ लाख, मालक घाईत. अण्णा पहिल्यांदा हसले. मला तो स्वस्तपणा टोचला. नाशिकमध्ये नदीकाठचं घर घेताना पूररेषा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. १९ सप्टेंबर २००८ चा गोदेचा पूर मी सराफ बाजाराच्या तोंडाशी उभी राहून पाहिला आहे. लोक गोदेची रेषा विचारतात, नासर्डी आणि वालदेवीची विचारत नाहीत. नगररचना विभागातून झोन दाखला आणि पूररेषेचा नकाशा घेतला. इमारतीची मागची बाजू दोन रेषांच्या मधे होती. शेजारच्या टपरीवाल्या आजींनी पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवलं. तो हात माझ्या खांद्याच्या उंचीला होता. तो फ्लॅट सोडला.

मग लॅम रोडच्या बाजूला, चढावर, महापालिकेच्या हद्दीत, दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके मिळाला. २०१२ चं भोगवटा प्रमाणपत्र, लिफ्ट, सोळा बिऱ्हाडं. सांगणं ४९ लाख. जाहिरातीत ९६० चौरस फूट होतं, आम्ही टेपनं मोजलं तर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ६५५ भरली. पाथर्डी फाट्याच्या नव्या घराचं कार्पेट ६४० होतं, म्हणजे पंधरा फूट जास्त जागा आणि सांगितलेला भाव तीन लाखांनी कमी. जुन्या बांधकामाचा आणखी एक फायदा नाशिककरांना माहीत असतो. महापालिकेनं १ एप्रिल २०१८ पासून नव्या मिळकतींच्या घरपट्टीचे दर बरेच वाढवले. आम्ही दोन बिलं शेजारी ठेवून पाहिली, नव्याचं जुन्याच्या दुपटीहून जास्त होतं. टँकरची ओळ होती, पण दोन महिन्यांत मिळून पाच टँकर. बोअर चालू होती.

सौदा ४६ लाखांवर ठरला. खरेदीखत एकट्या भावजयीच्या नावावर केलं. नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक सहा टक्के आहे, घेणारी स्त्री असेल तर एक टक्का सवलत. म्हणजे २ लाख ७६ हजारांऐवजी २ लाख ३० हजार. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. पतीचं नाव जोडलं की सवलत जाते. भावाला आयकरातली व्याजाची वजावट मिळणार नाही असं कुणीतरी घाबरवलं. पण तो नव्या करप्रणालीत आहे, आणि तिथं राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाहीच. तो कर्जात सहअर्जदार राहिला. आईला हे एकट्या सुनेच्या नावावर करणं पटायला दोन दिवस लागले. शेचाळीस हजार रुपयांचं कारण तिला पटलं. माझ्यासाठी कारण वेगळं होतं. वही भावजयीच्या प्रश्नानं सुधारली होती.

विसार देण्याआधी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मागच्या सगळ्या खरेदीखतांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातले उतारे), सोसायटीचा ना-हरकत दाखला, मूळ मालकाच्या कर्जाची बेबाकी, एवढं पाहिलं. दोन गोष्टी अपुऱ्या होत्या आणि आम्ही त्या समजून घेऊन पत्करल्या. जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं नव्हतं, म्हणजे बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नव्हती. बिल्डर बारा वर्षांत फिरकला नव्हता. मानीव, म्हणजे बिल्डरशिवाय होणाऱ्या, अभिहस्तांतरणाचा अर्ज आता भाऊ आणि आणखी दोघं मिळून करताहेत. आणि दुसऱ्या बाल्कनीतून गळती होती, तिचे साठ हजार सौद्यात वळते करून घेतले.

जे चुकलं

जानेवारीत एका रात्री अकरा दहाला मी भावाच्या मागे बाइकवर बसून अंबडहून वडनेरमार्गे विहितगावला आले होते. त्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: चोवीस मिनिटं. मधे दिवे नाहीत. उजवीकडे लष्कराची भिंत, डावीकडे झाडी. कुत्री. त्यापुढे मी बरोबरची खूण केली, कारण मिनिटं बरोबर होती. दारणा-वालदेवीच्या उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्या नाशिकला ठाऊक आहे. पण मिनिटांचा रकाना होता, अंधाराचा नव्हता.

जुलैत सगळे राहायला आले. ऑगस्टमध्ये वडनेर दुमाल्यात बिबट्यानं एका तीन वर्षांच्या मुलाला नेलं. त्या आठवड्यात भाऊ दुसऱ्या पाळीत होता. आई रात्री बारापर्यंत दारात बसायची. भावजयीनं मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "ताई, वहीत आणखी एक रकाना राहिला." ज्यांचं मूल गेलं त्या घरापुढे आमची काळजी काहीच नाही. पण घर निवडताना ज्या रस्त्यावर आम्ही सगळा भर टाकला होता, तोच रस्ता रात्री नकोसा झाला.

मग पुन्हा घड्याळ लावून पाहिलं. रात्री अकराला अंबडहून महामार्गानं, द्वारकेवरून, बिटको, विहितगाव. दिवसा पन्नास मिनिटं खाणारा तो रस्ता रात्री तेहतीस मिनिटांत झाला. द्वारका चौक त्या वेळी मोकळा असतो, दिवे असतात, चहाची गाडी उघडी असते. हे आम्ही जानेवारीत तपासलंच नव्हतं, कारण द्वारका म्हणजे वाईट हे आधीच ठरवून टाकलं होतं. आता पहिल्या पाळीला भाऊ उजेड झाल्यावर वडनेरनं जातो, दुसऱ्या पाळीहून परत येताना महामार्गानं. हिवाळ्यात सहाला अंधार असतो, तेव्हा सकाळीही महामार्गच. नऊ मिनिटं जास्त लागतात.

अण्णा रोज संध्याकाळी लॅम रोडच्या कडेनं कॅम्पच्या दिशेनं चालायला जातात, आई पहिल्या बाकापर्यंत. महिन्यातून एकदा अण्णा सिटीलिंकच्या बसनं भगूरला जातात, बाजार करतात आणि परत येतात. गेल्या खेपेला त्यांनी तिथून आंब्याचं कलम आणलं. सोसायटीच्या आवारात लावायला सेक्रेटरींची परवानगी मागितली आहे, पुढच्या सभेत विषय आहे.